चिठ्ठी आपल्या घराची निघेपर्यंत

अभ्यास शिबिरात तरुणांना वाचायला काय द्यायचं, यावर चळवळीत दर वेळी चर्चा होते. कुणी म्हणतं संविधानाची उद्देशिका द्या, कुणी म्हणतं हमीद दलवाईंचे लेख द्या, कुणी कुराणाच्या मराठी अनुवादातल्या निवडक सूरा सुचवतं. हे सगळं द्यायलाच हवं. त्यासोबत मी गेली काही वर्षं एक अमेरिकन कथा देते, शर्ली जॅक्सन या लेखिकेची ‘द लॉटरी’. यंदा पानशेतला झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातही आम्ही ती वाचली. त्यानंतर आपल्याच काही ज्येष्ठांनी आणि पालकांनी नाराजी कळवली. त्यांचे आक्षेप तीन आहेत. एक, परक्या देशातल्या क्रूर प्रथेची गोष्ट आपल्या पोरांच्या काय कामाची? दोन, बाईला दगड मारून ठार करण्याची गोष्ट मुसलमान मुलांपुढे ठेवणं म्हणजे आपली बदनामी करणाऱ्यांच्या हाती कोलीत देणं. तीन, समाज चहूबाजूंनी घेरलेला असताना घरातल्या उणिवा काढायची ही वेळ आहे का?

आक्षेप मनापासूनचे आहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे. माझं उत्तर असं की ही कथा मी पुढच्या शिबिरातही देणार आहे, आणि ती का द्यायची ते या तीन आक्षेपांतच दडलेलं आहे.

कथा काय आहे

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही कथा २६ जून १९४८ च्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात छापून आली. सुमारे तीनशे वस्तीचं एक गाव. २७ जूनची स्वच्छ सकाळ. शाळेला सुट्टी लागली आहे, पोरं खिशात गोटे भरतायत, कोपऱ्यात दगडांचा ढीग रचतायत. पुरुष पेरणी, पाऊस, ट्रॅक्टर यांवर बोलतायत. बायका घरकामातून हात पुसत येतात. मग एक जुनी काळी पेटी आणली जाते. प्रत्येक कुटुंबाचा कर्ता त्यातून चिठ्ठी काढतो. ज्या घराला काळा ठिपका लागतो त्या घरातल्या माणसांत दुसरी फेरी होते. त्यात ठिपका टेसी हचिन्सन या बाईला येतो. आणि मग सगळं गाव, तिच्या मैत्रिणीसकट, तिच्या लहान पोरासकट, तिला दगडांनी ठेचून मारतं. हे दर वर्षी होतं. दोन तासांत आटोपतं, म्हणजे लोक दुपारच्या जेवणाला घरी पोचतात.

कथा छापून आल्यावर त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेहून जास्त पत्रं आली. बहुतेकांत गोंधळ होता किंवा शिव्या होत्या. पण काही वाचकांनी विचारलं होतं की असल्या लॉटऱ्या कुठल्या गावी होतात आणि आम्हाला बघायला जाता येईल का. पानशेतला हे सांगितलं तेव्हा मुलं हसली. हसू ओसरल्यावर एक मुलगी म्हणाली, “आपा, आपण मोबाइलवर तेच तर बघतो.” मारहाणीचे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या या जमान्यात तिचं बोलणं खोडता येत नाही.

पहिला आक्षेप: आपल्याशी काय संबंध?

परका देश म्हणणाऱ्यांनी नकाशा थोडा जवळचा घ्यावा. मध्य प्रदेशात, विदर्भाच्या सीमेला लागून पांढुर्णा आहे. तिथली बोली मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक जमतात, नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दिवसभर एकमेकांना दगड मारतात. याला गोटमार म्हणतात. एका गावचा मुलगा आणि दुसऱ्या गावची मुलगी पळून जाताना नदीत अडकले, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघं मेले, अशी त्यामागची दंतकथा आहे. दर वर्षी शेकडो जखमी होतात. आजवर कित्येकांचे जीव गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी पुन्हा दगडच उचलले. आता पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका आधीच तैनात असतात. म्हणजे दगडफेक थांबवायची नाही, टाके घालायची सोय करायची. जॅक्सनच्या गावातही नेमकं हेच आहे: पेटी जुनी झाली, लाकडाच्या तुकड्यांऐवजी कागदाच्या चिठ्ठ्या आल्या, विधीतलं बरंचसं लोक विसरले, पण दगड वापरायचं तेवढं विसरले नाहीत.

गोटमारचं उदाहरण शिबिरात निघालं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सुटका दिसली. बघा, हे ‘त्यांच्यात’ चालतं! हीच सुटका मला मोडायची होती. कथेत हचिन्सन कुटुंबातली पोरं आपापली चिठ्ठी उघडतात. थोरल्या दोघांना आपली चिठ्ठी कोरी दिसते तेव्हा ती आनंदाने हसतात. आपली कोरी, म्हणजे ठिपका आईच्या किंवा बापाच्या कागदावर आहे, हे त्यांना कळत नाही असं नाही. पण त्या क्षणी त्यांना फक्त आपली कोरी चिठ्ठी दिसते. दुसऱ्या समाजाची क्रूर प्रथा सापडल्यावर आपल्याला होणारा आनंद याच जातीचा असतो. तिकडे ते तलाकवर बोलून सुखावतात, इकडे आपण गोटमारवर बोलून सुखावतो. दोन्हीकडची बाई आपल्या जागी तशीच उभी.

दुसरा आक्षेप: दगड म्हणजे आपली बदनामी

दगड म्हटलं की मुसलमान वाचक दचकतो, हे खरं आहे. संगसारची शिक्षा काही मुस्लिम देशांच्या कायद्यात आजही आहे. ती आज आपल्या हाती असलेल्या कुराणाच्या मजकुरात नाही. सूरह नूरमध्ये व्यभिचाराला फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. दगडांची शिक्षा हदीस आणि फिकहच्या वाटेने आली. एवढं आपल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असायला हवं, आणि ते आपणच सांगायला हवं.

पण या कथेचा शिक्षेशी संबंधच नाही. टेसीने काही गुन्हा केलेला नाही. ती उशिरा आली, एवढंच. कुणी तिच्यावर रागावलेलंही नाही. ज्या मैत्रिणीशी ती मघाशी हसून बोलत होती, तीच नंतर दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड निवडते. राग नाही, गुन्हा नाही, कारण विचारायची पद्धत नाही. फक्त ‘हे असंच असतं’. ही गोष्ट कुठल्याही एका धर्माची नाही. जिथे जिथे ‘असंच असतं’ हे उत्तर पुरेसं मानलं जातं, तिथली ती आहे.

गावातला सर्वांत म्हातारा वॉर्नर. त्याची ही सत्त्याहत्तरावी लॉटरी. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं की उत्तरेकडच्या गावात लॉटरी बंद करायचा विचार चाललाय. म्हातारा भडकतो. मूर्खांची टोळी म्हणतो. लॉटरी झाली की पीक चांगलं येतं, बाप-आजे करत आले, बंद केली तर उद्या गुहेत राहायला जाल, असा त्याचा सूर. पानशेतला एका मुलाने इथे हात वर केला आणि विचारलं, “पण लॉटरी बंद केली तर पीक येणारच नाही, हे त्यांनी कधी करून पाहिलं का?” कथेत कुणीही विचारत नाही असा हा प्रश्न एका अकरावीच्या पोराला पडला. शिबिराचे दोन दिवस मला तिथेच वसूल झाले.

आम्ही बसलो होतो ती जागाही अशा प्रश्नाला साजेशी होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याची पेठ पाण्याखाली गेली. धरण, पूल असली मोठी बांधकामं बळी मागतात, ही अफवा महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या फिरत आली आहे. पानशेतच्या भिंतीने बळी मागितला नव्हता. काम पुरतं झालेलं नसताना पावसाळ्याचं पाणी साठलं. कारण शोधलं की पुढचं धरण नीट बांधता येतं. बळी शोधला की फक्त पुढचा बळी ठरतो.

आता हा प्रश्न आपल्या घरी आणू. बापजाद्यांना असंच करताना पाहिलं म्हणून आम्हीही करतो, हा युक्तिवाद कुराणाला मान्य नाही. बापजाद्यांना अक्कल नसली, वाट सापडलेली नसली तरीही त्यांच्याच मागे जाणार का, असा प्रश्न तिथे एकदा नाही, अनेकदा येतो. तीर टाकून कौल लावण्याची अरबांची चाल कुराणाने दारू-जुगाराच्या ओळीत बसवून निषिद्ध केली. जिवंत पुरलेल्या मुलीला एक दिवस विचारलं जाईल की तुला कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं, हे सूरह तकवीरमध्ये आहे. सीरतच्या किताबांत एक हकीकत आहे. पैगंबरांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी नवस केला होता की दहा मुलगे मोठे झाले तर एकाचा बळी देईन. काब्यापाशी तीर टाकले गेले. नाव निघालं अब्दुल्ला, म्हणजे पैगंबरांचे वडील. सुरा काढला गेला. पण तिथे कुरैशचे लोक मध्ये पडले. त्यांनी अडवलं, पर्याय शोधायला लावला. अखेर शंभर उंटांवर सुटका झाली. कौल निघाला होता, नवस होता, बाप राजी होता, तरी कुणीतरी हात धरला. जॅक्सनच्या गावात हात धरणारा एकही माणूस नव्हता. वॉर्नरच्या बाजूने बोलणारे आपल्या समाजातले बुजुर्ग ज्या परंपरेचं नाव घेतात, तिच्यातच वॉर्नरला उत्तर आहे. त्यांनी ते वाचलेलं असतं, पण जमातीच्या बैठकीत ते आठवत नाही.

‘उत्तरेकडची गावं’ही आपल्याकडे भरपूर आहेत. एका दमात दिलेले तीन तलाक इजिप्तने १९२९ मध्ये एकच मानले. ट्युनिशियाने १९५६ मध्ये तलाक न्यायालयाबाहेर होणारच नाही असं केलं. पाकिस्तानने १९६१ मध्ये नोटीस आणि नव्वद दिवसांची मुदत आणली. तिथे इस्लाम बुडाला नाही, पीकही यायचं थांबलं नाही. आपल्या इथले वॉर्नर मात्र २०१७ पर्यंत सांगत राहिले की हे सुटलं तर सगळंच सुटेल.

टेसी काय म्हणते, काय म्हणत नाही

कथेतली सर्वांत बोचरी गोष्ट ही टेसीच आहे. तिला आपण फक्त बळी समजून रडतो. पण सकाळी ती हसत, विनोद करत आली होती. चिठ्ठ्या निघत असताना ती नवऱ्याला पुढे जायला सांगते. पहिल्या फेरीत आपल्या घराची चिठ्ठी निघाल्यावर मात्र ती ओरडते की हे न्यायाचं झालं नाही, माझ्या नवऱ्याला चिठ्ठी निवडायला पुरेसा वेळ दिला नाही. लॉटरीच चूक आहे असं ती शेवटपर्यंत म्हणत नाही. इतकंच नाही, दुसऱ्या फेरीत आपली शक्यता कमी व्हावी म्हणून ती लग्न झालेल्या मुलीला आणि जावयाला आपल्या घरात धरा म्हणते. गावचा नियम असा की लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या घराबरोबर चिठ्ठी काढते. आई त्या नियमाला वळसा घालून स्वतःच्या मुलीला पेटीपुढे ढकलू बघते.

पानशेतला या ठिकाणी मुली बराच वेळ गप्प होत्या. मग एकीने सांगितलं की तिच्या मावशीला तलाक झाला तेव्हा समजूत घालायला आलेल्या चार बायकांपैकी तिघी स्वतः तलाकशुदा होत्या, आणि ‘सब्र कर’ म्हणणारा आवाज त्यांचाच सर्वांत मोठा होता.

मला माझी फुप्पी आठवली. वडिलोपार्जित घर-जमिनीची वाटणी झाली तेव्हा तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं गेलं. भाऊ नमाजी, रोजेदार. मुलीला भावाच्या निम्मा वाटा, ही गोष्ट कुराणात इतकी स्पष्ट आहे की त्यावर आलिमांत वाद नाही. मी निम्म्यावर समाधानी नाही, तो वाद वेगळा. पण तो निम्माही तिला मिळाला नाही. शरियतमध्ये हात घालू देणार नाही म्हणून मोर्चाला जाणारे लोक बहिणीच्या वाट्याला आले की शरियत गुंडाळून ठेवतात आणि गावची चाल काढतात. फुप्पीने सही केली, कारण सही केली नाही तर माहेरची ईद बंद. पुढे तिनेच आपल्या सुनेच्या बाबतीत सुनेच्या भावांची बाजू घेतली. पुण्याच्या आसपास, पानशेत-वेल्ह्याच्या पट्ट्यातही, फार्महाउस आले, जमिनीला भाव आला आणि अशा सह्यांची घाई सगळ्याच धर्मांच्या घरांत वाढली. काळा ठिपका इथे स्टॅम्प पेपरवर असतो.

आता टेसीचा आरसा पुरुषांपुढेही धरू. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना बंदी करायचा ठराव केला. त्याच वर्षी पानशेतच्या डोंगरापलीकडे, मुळशी तालुक्यात, काही गावांनी बाहेरगावच्या मुसलमानांनी इथल्या मशिदीत जुम्म्याला येऊ नये असे ठराव केले, फलक लावले. हे सरळ सरळ बहिष्कार आहेत. ते संविधानाविरुद्ध आहेत आणि त्यांच्याविरुद्ध आपण सगळ्यांनी उभं राहिलं पाहिजे, कोर्टात आणि रस्त्यावर. गावाने बहुमताने ठरवलं म्हणून माणसाचा हक्क जात नाही, हे आपण ठासून सांगतो.

मग हेच वाक्य जमातीच्या दारात का सांगत नाही? दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूंविरुद्ध गेलेल्या माणसांवर बरात, म्हणजे बहिष्कार, पडतो. घरचे बोलायचे थांबतात, मैयत झाली तर कबरस्तानचा प्रश्न उभा राहतो. असगर अली इंजिनिअर यांनी आयुष्यभर या विरोधात झुंज दिली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. त्या निकालाच्या फेरविचाराची मागणी १९८६ पासून न्यायालयात पडून होती. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती नऊ न्यायाधीशांकडे पाठवली. मधल्या काळात महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हा कायदा जात पंचायतीलाही लागू आहे आणि जमातीलाही. मढीच्या ठरावाविरुद्ध ज्या हक्काचं नाव घ्यायचं, त्याच हक्काचं नाव आपल्या मोहल्ल्यात काढलं की ‘मजहबी मामला’ कसा होतो?

टेसीसारखंच आपलं होतं. चिठ्ठी आपली निघाली की अन्याय. दुसऱ्याची निघाली की रिवाज.

तिसरा आक्षेप: ही वेळ नाही

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आज मुसलमान तरुणाला घर भाड्याने मिळत नाही, नावावरून नोकरी हुकते, जमावाची भीती खरी आहे. अशा वेळी आपल्याच समाजावर टीका केली की ती उचलून दुसरेच कुणी वापरतात. हे होतं. माझ्या लेखांचंही झालं आहे.

पण मला योग्य वेळ कधी होती ते सांगा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व थांबवा, ही त्यातली मागणी. तेव्हाही उत्तर हेच होतं, ही वेळ नाही. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, तेव्हाही वेळ नव्हती. १९८२ मध्ये जळगावात जमातीच्या लोकांनी बायकांना सिनेमा पाहायला बंदी केली आणि रझिया पटेल नावाची तरुणी त्याविरुद्ध उभी राहिली, तेव्हाही वेळ नव्हती. १९८५ मध्ये शाहबानो निकाल आला तेव्हा तर समाज धोक्यात होता आणि १९८६ मध्ये त्या म्हातारीचा पोटगीचा हक्क कायदा करून काढून घेतला गेला. सायरा बानोच्या वेळी, २०१७ मध्ये, पुन्हा समाज धोक्यात. साठ वर्षं वेळ आली नाही. त्या साठ वर्षांचं भाडं भरलं ते घराबाहेर काढलेल्या बायकांनी.

आणि थांबून काय मिळालं? आपण स्वतः बदल केला असता तर तो आपल्या शब्दांत झाला असता. निकाहनाम्यात अट घालता आली असती, जमातींनी एका दमातला तलाक न मानण्याचा ठराव करता आला असता. ते केलं नाही. म्हणून २०१९ मध्ये तोंडी तलाकला तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला आणि त्याचा मसुदा आपल्या हातात नव्हता. घरातली पेटी आपण फोडली नाही तर बाहेरचा कुणीतरी येऊन फोडतो, आणि तो येताना आपली काठी घेऊन येतो. त्या काठीची तक्रार करायचा हक्क आपल्याला आहेच. पण साठ वर्षं पेटी सांभाळणाऱ्यांनी ती तक्रार करताना थोडी लाज बाळगावी.

बदनामीचा उपायही गप्प बसण्यात नाही. मढीच्या दुकानदारांसाठी आणि बहिष्कृत बोहरा कुटुंबासाठी एकाच तोंडाने बोलणारा मुसलमान कुणाच्या हातातलं कोलीत होत नाही. कारण त्याचं माप एकच असतं.

कुजबुजणारा ॲडम्स

कथेत उत्तरेकडच्या गावाची बातमी देणारा माणूस आठवतो? मिस्टर ॲडम्स. त्याची बायकोही म्हणते की काही गावांनी लॉटरी केव्हाच सोडली. वाचताना वाटतं, चला, दोन माणसं तरी शहाणी आहेत. पण शेवटी गर्दीच्या पुढे कोण आहे? तोच ॲडम्स.

मला वॉर्नरची भीती कमी वाटते, ॲडम्सची जास्त. आपल्या समाजात ॲडम्स भरपूर आहेत. शिकलेले, पुण्या-मुंबईत नोकरी करणारे, खासगीत सगळं मान्य करणारे. ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आपा, पण जमातीत बोलता येत नाही.’ आणि बहीण हक्कसोडावर सही करते तेव्हा साक्षीदार म्हणून यांचीच सही असते. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कुणी एक माणूस नाही, एक पूर्ण पिढी आहे, आणि तुम्ही तिच्यात मोजले जाऊ नये असं मला वाटतं.

हे अशक्य नाही. २०१८ मध्ये पुणे-पिंपरी परिसरातल्या कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नाच्या रात्री नव्या नवरीची कौमार्य चाचणी घेण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. विवेक तमाईचीकर आणि त्याचे साथीदार. समाज त्यांच्यावर उलटला, मारहाण झाली, बहिष्काराची भाषा झाली. पण ते पेटीपुढे उभे राहून म्हणाले की आम्ही चिठ्ठी काढणार नाही. बाहेरच्या कुणी त्यांना वाचवायला यायची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि आपल्या जातीचा द्वेष करणाऱ्यांच्या कळपातही ते गेले नाहीत. ते आपल्याच समाजात राहून बोलले. आपल्याला करायचं आहे ते एवढंच.

म्हणून मोठी घोषणा देत नाही. चार कामं सांगते. आपल्या जमातीत कधी कुणावर बहिष्कार पडला आहे का, दंड आकारला आहे का, हे विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या घरात कुठल्या बाईकडून हक्कसोडावर सही घेतली गेली ते विचारा आणि पुढच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला नकार द्या. निकाह ठरेल तेव्हा निकाहनामा आधी वाचायला मागा, त्यात अटी घाला, मुलीच्या हातात त्याची प्रत द्या. आणि कुणा मुसलमानावर गावाने बहिष्कार टाकला तर तिथे जा, पण सोबत तुमच्या जमातीने वाळीत टाकलेल्या माणसालाही घेऊन जा.

कथेत दगड गोळा करायचं काम पोरांकडे असतं. सकाळी लवकर, मोठ्यांच्या आधी येऊन ती खिसे भरतात. आणि शेवटी कुणीतरी टेसीच्या लहानग्या डेव्हीच्या हातात चार खडे देतं, आईला मारायला. डेव्हीला काही कळत नाही. तुम्हाला कळतं. तुमच्या खिशात लहानपणी काय काय भरलं गेलं ते काढून पाहा: बाईबद्दलची म्हण, दुसऱ्या फिरक्याबद्दलची शिवी, दुसऱ्या धर्माबद्दलचा किस्सा, ‘आपल्यात असंच असतं’ हे वाक्य. ते आधी खाली टाका. मग आपण मिळून पेटीकडे जाऊ.